अडली की दमली?

आपल्या भाषेत बाई गरोदर असते आणि मांजर गाभण. बाई बाळंत होते, मांजर विते. बाईला मूल होतं, मांजरीला पिल्लं. शब्दांची इतकी काटेकोर वाटणी करूनही एका ठिकाणी भाषेने हात आखडता घेतलाय. कळा दोघींनाही कळाच येतात. आणि कळा मंदावल्या तर द्यायचं औषधही दोघींना एकच आहे, ऑक्सिटोसिन. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीच्या सलाइनमध्ये जी काचेची छोटी कुपी फोडून घालतात, तीच जनावरांच्या डॉक्टरांच्या फ्रीजमध्येही असते.

औषधं माणसांसाठी निघतात आणि मग उरलीसुरली जनावरांच्या वाट्याला येतात, असा आपला सर्वसाधारण समज. या औषधाचा प्रवास उलटा आहे. ते काय करतं हे पहिल्यांदा दिसलं ते एका गाभण मांजरीत, लंडनमध्ये, १९०६ साली. तिथून ते बायकांच्या प्रसूतिगृहात गेलं, आणि फिरून मांजरीकडे यायला त्याला बराच काळ लागला. आमच्या ठकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने मी हे सगळं वाचत बसले होते. ठकीचं पुढे सांगते, आधी थोडं मागे जाऊ. (आत्या, तू हे वाचणार आहेस हे धरूनच लिहितेय. थेंब मोजण्याचा भाग तुझ्याकडूनच घेतलाय.)

१९०६ च्या आधी कळा वाढवायला काय होतं? होतं ते एर्गट. युरोपात राय नावाचं धान्य पिकतं, त्याच्या कणसावर एक बुरशी पडते. दाण्याच्या जागी काळपट-जांभळी, कोंबड्याच्या पायावरच्या नखीसारखी वाकडी शिंगं येतात. आपल्याकडे बाजरीवर पडतो तो अरगट याच घराण्यातला. अशा रायची भाकरी पोटात गेली की हातापायांची बोटं काळी पडून गळायची, झटके यायचे, गरोदर बायकांचे गर्भ पडायचे. या शेवटच्या गोष्टीतून सुईणींनी आपल्या कामाचं ते उचललं. ही बुरशी गर्भाशय आवळते, तर मग अडून बसलेल्या बाळंतपणात तिचा चिमूटभर उपयोग का करू नये? लोनित्सर नावाच्या जर्मन वनस्पतितज्ज्ञाने १५८२ साली सुईणींच्या या वापराची नोंद केली आहे. म्हणजे सुईणींना ते त्याच्याही आधीपासून माहीत असणार. नोंद पुरुषाची, माहिती बायकांची, हे वैद्यकाच्या इतिहासात इतक्यांदा होतं की मी आता त्यावर चिडणंही सोडलंय.

डॉक्टरांच्या हातात एर्गट आलं ते १८०८ मध्ये. अमेरिकेतल्या जॉन स्टर्न्स या डॉक्टरने एका पत्रात या चूर्णाची तारीफ केली. रेंगाळलेलं बाळंतपण त्याने पटकन उरकतं, असं तो लिहितो, आणि डॉक्टरचा बराच वेळ वाचतो हाही गुण म्हणूनच सांगतो. डॉक्टरचा वेळ! पुढची दहा-पंधरा वर्षं हे चूर्ण सढळ हाताने दिलं गेलं आणि न्यूयॉर्कमध्ये मेलेली मुलं जन्मण्याचं प्रमाण वाढलं. १८२० च्या दशकात डेव्हिड होसॅक या डॉक्टरने त्यावर बोट ठेवलं. याला जन्माचं चूर्ण नव्हे, मृत्यूचं चूर्ण म्हणा, असं त्याचं म्हणणं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ते वापरा, आधी नको, असं त्याने बजावलं.

कारण साधं आहे. खरी कळ येते आणि ओसरते. ओसरते तेवढ्या वेळात गर्भाला पुन्हा रक्त मिळतं, आई श्वास घेते. एर्गटने गर्भाशय आवळलं की आवळलेलंच राहतं. आणि वाटच बंद असेल, मूल आडवं असेल, डोकं मोठं असेल, तर आवळून उपयोग काय? दार बंद असताना मागून ढकलण्यासारखं ते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'मूढगर्भा'वर वेगळा अध्याय आहे, आणि त्यात गर्भ कसकसा अडकतो, हात पुढे येतो की खांदा की पाय, याची वर्णनं आहेत. म्हणजे पहिला प्रश्न हाच होता, की ही बाई अडली आहे की दमली आहे? अडलेलीची वाट मोकळी करायची असते आणि दमलेलीला बळ द्यायचं असतं. एकीचं औषध दुसरीला दिलं तर जीव जातो. आमची आई शाळेत चौथीपुढे गेली नाही, पण गोठ्यातली गाय अडली की दमली हे तिला कळायचं. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला, तेव्हाही डॉक्टरांच्या बॅगेत कळांसाठी होतं ते हेच एर्गट.

आता लंडन. १९०४ साली हेन्री डेल नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण वेलकम कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत नोकरीला लागला. मालक हेन्री वेलकमने सुचवलं की एर्गटचं कोडं सोडव. डेलला या कामात अजिबात रस नव्हता, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. पण नोकरी म्हटल्यावर केलं. एर्गट दिलेल्या मांजरीला ॲड्रिनॅलिन टोचलं की रक्तदाब वाढायच्या ऐवजी उतरतो, हे त्याला दिसलं, आणि हा शोध आपल्या परीने फार मोठा होता. मग तो इतर अर्क टोचून पाहू लागला. त्यात मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी जी पिट्यूटरी ग्रंथी असते तिच्या मागच्या भागाचा अर्क होता. त्याचा परिणाम एर्गटने उलटला नाही. पण गाभण मांजरीला तो टोचला तेव्हा तिचं गर्भाशय जोरात आवळलं. १९०६ साली छापलेल्या एर्गटवरच्या लांबलचक निबंधात ही नोंद जेमतेम थोडक्या ओळींची आहे. पुढे या द्रव्याला जे नाव मिळालं, ऑक्सिटोसिन, त्याचा ग्रीक अर्थ झटपट जन्म.

त्या मांजरीचं काय झालं? ती वाचली नाही, एवढं सांगता येतं. ब्रिटनमध्ये १८७६ चा जनावरांवरच्या प्रयोगांचा कायदा होता, आणि खास परवानगी नसेल तर भुलीत ठेवलेलं जनावर शुद्धीवर येण्याआधीच मारून टाकायचं असा त्यात नियम होता. नियम दयेचा आहे, हे खरं. तरीही तिच्या पोटातल्या पिल्लांचा विचार मला वाचताना टाळता आला नाही.

आणि इथे एक गोष्ट निघाली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेल याच्या आधी एका भानगडीत होता. फेब्रुवारी १९०३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसमोर एका तपकिरी कुत्र्यावर प्रयोग केला, आणि शेवटी त्या कुत्र्याला मारण्याचं काम तरुण डेलने केलं. समोर बसलेल्या दोन स्वीडिश बायकांनी, लिंड आफ हागेबी आणि शारताउ यांनी, याबद्दल पुस्तक लिहिलं. कुत्रा नीट भुलीत नव्हता असा त्यांचा आरोप होता. प्रकरण कोर्टात गेलं, बेलिस जिंकला, त्याला २००० पौंड भरपाई मिळाली. पण लोक विसरले नाहीत. १९०६ साली लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभारला गेला. १९०७ मध्ये त्या पुतळ्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी रस्त्यावर दंगल केली, आणि १९१० मध्ये तो रातोरात हलवण्यात आला. (१९८५ मध्ये बॅटरसीच्या बागेत नवा बसवला.) म्हणजे ज्या वर्षी कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच माणसाच्या टेबलावरच्या मांजरीने जगभरच्या बाळंतिणींना औषध दिलं. तिची नोंद निबंधातल्या त्या ओळींपुरती. डेलला पुढे १९३६ मध्ये नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी, नसांमधून संदेश कसा जातो यासाठी.

मी प्रयोगांच्या बाजूची की विरुद्ध, असं कुणी विचारलं तर मला एका शब्दात उत्तर देता येणार नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत हेच औषध माझ्या शिरेत गेलंय. दुसऱ्या खेपेला मूल झाल्यावर रक्त थांबेना, तेव्हा याच औषधाने थांबलं. त्यामुळे ही चर्चा मी सोफ्यावर बसून तत्त्वं मांडत करू शकत नाही.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९०९ मध्ये लिव्हरपूलच्या ब्लेअर-बेल या डॉक्टरने ग्रंथीचा अर्क बायकांमध्ये सैल पडलेल्या गर्भाशयावर वापरला. १९११ मध्ये हॉफबाउअरने कळा वाढवायला वापरला. आणि मग एर्गटचीच गोष्ट पुन्हा घडली. अर्काची ताकद प्रत्येक बाटलीत वेगळी, डोस अंदाजपंचे, इंजेक्शन एकदम सगळं आत. गर्भाशय फाटल्याच्या, मुलं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शंभर वर्षांपूर्वी होसॅकने जे सांगितलं ते नव्या औषधासह पुन्हा शिकावं लागलं. उपाय सापडला तो औषधात नव्हे, ते देण्याच्या पद्धतीत. १९४८ मध्ये इंग्लंडमधल्या जेफ्री थिओबाल्डने ते भरपूर पाण्यात मिसळून शिरेतून थेंब थेंब द्यायला सुरुवात केली. शरीर स्वतः सोडतं तेवढंच, आणि जास्त झालं की लगेच बंद करता येतं. १९५३ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट द्यू विन्योने या द्रव्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत बनवलं. नऊ अमिनो आम्लांची साखळी. १९५५ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तेव्हापासून जनावरांच्या ग्रंथी गोळा करायची गरज उरली नाही.

आमची आत्या एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या बाळंतकक्षात सिस्टर होती. थिओबाल्ड हे नाव तिने कधी ऐकलं नव्हतं, पण त्याचं काम तिने रोज केलं. ती म्हणते, "मिनिटाला आठ थेंबांपासून सुरुवात. एक हात पोटावर, एक डोळा घड्याळावर. कळ किती वेळ टिकते, मधे पोट मऊ पडतं की नाही, ते बघायचं. मऊ पडलं नाही तर आधी चिमटा बंद, मग डॉक्टरांना हाक. सलाइन लावलं म्हणून सिस्टरने खुर्चीत टेकायचं नसतं." मेथर्जिनबद्दल (हे एर्गटचंच आजचं रूप) तिचा नियम आणखी कडक: मूल बाहेर आल्याशिवाय त्या कुपीला हात लावायचा नाही. होसॅकला हिच्या हाताखाली काम करायला आवडलं असतं.

औषध स्वस्त, म्हणून ते नको तिथेही पोचलं. खेड्यात 'कळांचं इंजेक्शन' न तपासता टोचलं जातं. गोठ्यात म्हशीला पान्हा सुटावा म्हणून देतात (दूध उतरण्याचा हा गुण १९१० मध्येच कळला होता, शेळ्यांवरच्या प्रयोगात). गोठ्यातला गैरवापर थांबवायला केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतिणींना औषध कमी पडेल ही भीती त्यामागे होती.

या सगळ्यात मांजर कुठे गेली? कुठेच नाही. ती प्रयोगशाळेत होती, दवाखान्यात नव्हती. जनावरांचं वैद्यक उभं राहिलं ते उपयोगाच्या जनावरांसाठी. आपल्याकडे घोड्यांसाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्य. युरोपातली पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला निघाली ती घोडे आणि गुरं डोळ्यांसमोर ठेवून. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, तिथेही आधी बैल आणि घोडे. मांजर अडली तर अडली. कुत्र्याच्या पुस्तकातलं आकाराने लहान करून तिला लावायचं, असा प्रकार कितीतरी वर्षं चालला. फक्त मांजरांच्या आजारांचा विचार करणारी संस्था ब्रिटनमध्ये निघाली ती १९५८ मध्ये, तीही जोन जड या मांजरवेड्या बाईच्या पुढाकाराने.

गंमत म्हणजे लोकांनी आणि कायद्याने तिच्या आईपणाकडे याच्या कितीतरी आधी लक्ष दिलं होतं. वेल्समध्ये राजा हौएलच्या नावाने चालत आलेले मध्ययुगीन कायदे आहेत, त्यांत मांजरीची किंमत ठरवून दिलीय. जन्मल्यापासून डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारेपर्यंत दोन, त्यानंतर चार. आणि विकणाऱ्याने हमी द्यायची ती अशी, की ती धड पाहते, धड ऐकते, उंदीर मारते, नख्या शाबूत आहेत, पिल्लांना पाजते आणि त्यांना खात नाही. कायद्याने आईची तब्येत तपासण्याचं हे फार जुनं उदाहरण. आपल्याकडे कायदा नाही, म्हणी आहेत. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत. बंगालात तर मुलाबाळांची रखवाली करणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहनच मांजर आहे. आपली पाचवी-सहावीला येणारी सटवाई म्हणजे तिचीच बहीण, फक्त आपण तिच्या पायाशी मांजर बसवायला विसरलो.

तर ठकी. ठकी म्हणजे आमची तिरंगी मांजर, गच्चीतून आली आणि राहिली. २०२३ च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा गाभण होती. मांजरीचे दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट. शेवटच्या आठवड्यात पोट खाली उतरलं, आंचळं गुलाबी होऊन फुगली. मग एक दिवस तिने खाणं सोडलं आणि माझ्या साड्यांच्या कपाटात, खोक्यात, पलंगाखाली अशी फिरत राहिली. याच सुमारास अंगातला ताप शंभर फॅरनहाइटच्या खाली उतरतो म्हणतात, पण मांजरीत ही खूण कुत्रीइतकी भरवशाची नाही, आणि ठकीला थर्मामीटर लावायची आमच्यात कुणाची छातीही नव्हती. :) ती धापा टाकत होती, अंग चाटत होती, आणि मधेच मोठ्याने गुरगुरत होती. ही पहिली पायरी. बारा तास, कधी दिवसभरही चालते, पहिलटकरणीत जास्त.

रात्री नऊला पहिलं पिल्लू आलं, शेपटीकडून. माणसात असं मूल पायाळू म्हणून आयुष्यभर नावाजलं जातं. मांजरीत तीनातलं एक तरी पिल्लू असंच येतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ठकीने पिशवी फाडली, नाळ तोडली, पिल्लाला चाटून कोरडं केलं. मग काहीच नाही. दहा वाजले, अकरा वाजले. ती पिल्लाला पाजत पडली होती. मुलाने (तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याला सगळं माहीत आहे) सांगितलं की हिला आता इंजेक्शन द्यायला हवं. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी घड्याळाबद्दल नंतर विचारलं, आधी विचारलं, "ती करतेय काय?" पाजतेय, शांत आहे, दूध प्यायली, म्हटल्यावर ते म्हणाले थांबा. मांजर मधेच बाळंतपण थांबवू शकते. आवाज झाला, जागा आवडली नाही, कुणी सारखं डोकावलं, की कळा थांबतात, आणि काही तासांनी, क्वचित दिवसाभरानेही, पुन्हा सुरू होतात. उरलेली पिल्लं धडधाकट येतात. कुत्रीच्या पुस्तकाने मांजरीला वाचलं तर इथेच फसगत होते.

आणि कशाची वाट पाहायची नाही तेही त्यांनी सांगितलं. जोरात कण्हून ढकलतेय आणि वीस-तीस मिनिटांत काही येत नाही, तर निघायचं. पिल्लू अर्धं दिसतंय आणि दहा मिनिटांत सरकत नाही, तर निघायचं. ताजं लाल रक्त वाहतंय, घाण वास येतोय, मांजर मलूल पडलीय, अंग गार लागतंय, तर फोनही न करता निघायचं. ओढाओढ करायची नाही.

साडेबाराला ठकी ढकलायला लागली. पावणेएकपर्यंत तिचा आवाज बदलला होता. एकला आम्ही रिक्षात होतो, मांडीवर टोपली, पहिलं पिल्लू टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या स्वेटरच्या आत. दवाखान्यात डॉक्टरांनी हाताने तपासलं आणि सरळ एक्स-रेला घेतलं. मुलगा पुन्हा म्हणाला, इंजेक्शन. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. एक मोठं पिल्लू, मान वळलेली, डोकं वाटेत आडवं. त्याच्या मागे आणखी दोन. "आता हिला कळा वाढवल्या तर पिशवी फाटेल," एवढंच बोलून ते हात धुवायला गेले. सिझेरियन झालं. वाटेतलं पिल्लू गेलेलं होतं, मागची दोन जगली. त्याच वेळी गर्भाशयही काढलं, म्हणजे ठकीचं हे पहिलं आणि शेवटचं. पहाटे टोपलीत तीन पिल्लं लुचत होती आणि मुलगा भिंतीला टेकून झोपला होता.

त्यानंतर मी वाचायला घेतलं. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी १९९४ मध्ये अडचणीत आलेल्या १५५ मांजरींच्या बाळंतपणांचा अभ्यास छापला. सुमारे दोन तृतीयांश वेळा अडचण आईच्या बाजूची होती, आणि साठेक टक्के मांजरींत गर्भाशयाचा जोरच ओसरला होता. म्हणजे दमलेल्या जास्त, अडलेल्या कमी! मग डॉक्टरांनी इंजेक्शन आधी का देऊ नये? तर बाहेरून दोघी सारख्याच दिसतात म्हणून. आणि दमलेलीलाही नुसतं ऑक्सिटोसिन पुरत नाही. रक्तातलं कॅल्शियम किंवा साखर कमी असेल तर स्नायू आवळणार कशाच्या जोरावर? त्या १५५ मधल्या दर पाचांतल्या चौघींना शेवटी शस्त्रक्रियाच लागली. जुन्या पुस्तकांतले मांजरीचे ऑक्सिटोसिनचे डोस आता फार मोठे समजले जातात. डेलच्या टेबलावर जे दिसलं, त्याचं माप मांजरीसाठी ठरवायला एवढा काळ गेला.

बाळंतपणानंतरही नजर ठेवावी लागते. पाजणारी मांजर थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर कॅल्शियम घसरलंय, आणि ते शिरेतून अगदी हळू, छातीला नळी लावून द्यावं लागतं. आंचळ गरम, टणक झालं तर गळू. ताप आणि घाण स्राव असेल तर वार आत राहिलीय किंवा गर्भाशयात जंतू झालेत.

खाण्याचं तर आणखी निराळं. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजरीला मांसातूनच मिळतं, तिचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर गर्भ आतच विरतात, पिल्लं खुरटी होतात, हे जॉन स्टर्मन यांनी १९८६ मध्ये दाखवलं. तोवर बाजारातल्या काही डबाबंद खाद्यांतसुद्धा ते पुरेसं नव्हतं. पुढच्याच वर्षी पॉल पायन यांनी मांजरींच्या हृदयविकाराशी त्याचा संबंध सिद्ध केला आणि मग कंपन्यांनी खाद्यात ते वाढवलं. आमच्या आजीच्या मांजरी दूध-भातावर पोसल्या जात असं घरात अभिमानाने सांगतात. त्या पोसल्या जात होत्या कोठीतल्या उंदरांवर. आज सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत, दूध-भात मात्र तसाच चालू आहे.

आणखी एक आकडा. गन-मूर आणि थ्रसफील्ड या ब्रिटिश पशुवैद्यांनी १९९५ मध्ये जातिवंत मांजरींच्या बाळंतपणांचा हिशेब मांडला. एकूण शंभरात सहाच्या आसपास बाळंतपणं अडली. मिश्र जातीच्या मांजरींच्या एका मोठ्या वसाहतीत हे प्रमाण ०.४ टक्के होतं, आणि डेव्हन रेक्स या शौकाने घडवलेल्या जातीत १८.२ टक्के. अगदी चपट्या आणि अगदी लांबट तोंडाच्या जातींत मधल्या तोंडाच्या मांजरींपेक्षा जास्त. गच्चीवरच्या ठकींना सहसा डॉक्टर लागत नाही. आमचीला लागला, तो तिचा आणि आमचा योग.

भाच्याला गेले सहा महिने चपट्या नाकाचं पर्शियन पिल्लू हवंय. त्याला परवा मी हे सगळे आकडे फोनवर वाचून दाखवले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, मग आपण बोका घेऊ."